कुत्र्याचा मधुमेह : ओळख, उपचार आणि घराची शिस्त

मधुमेह हा माणसाचा, त्यातही खात्यापित्या घरातील माणसाचा रोग आहे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. कुत्र्यालाही मधुमेह होतो असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. वास्तविक हा रोग कुत्र्यांत नवा नाही आणि अगदी दुर्मिळही नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांच्या दप्तरी असलेल्या नोंदींवरून केलेल्या पाहण्यांत दर ३०० कुत्र्यांमागे साधारणपणे एक मधुमेही आढळून आले आहे. मध्यम वय ओलांडलेल्या, म्हणजे ढोबळमानाने ५ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांत तो मुख्यत्वे दिसतो. आपल्याकडे शहरांतून आणि आता तालुक्याच्या गावांतूनही घरात कुत्रे पाळणाऱ्यांची संख्या वाढली असल्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यांत असे रुग्ण येऊ लागले आहेत. गावातील मोकाट कुत्र्याचा मधुमेह मात्र बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. ते रोडावते आणि एक दिवस दिसेनासे होते.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीतही रोगाची पहिली खूण ही रोगाची खूण म्हणून क्वचितच ओळखली जाते. वर्षानुवर्षे घरात घाण न करणारे कुत्रे रात्री ओसरीवर किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी लघवी करू लागते. घरच्या मंडळींना ते खोडी वाटते, म्हातारपणाचा हट्ट वाटतो. त्याला रागे भरले जाते, प्रसंगी मार बसतो, दावणीला बांधून ठेवले जाते. आणि "पाणी कमी प्यायले म्हणजे लघवी कमी होईल" असा सरळ हिशेब करून पाण्याचे भांडे उचलून ठेवले जाते. हा हिशेब नेमका उलटा आहे. कुत्रे फार पाणी पिते म्हणून त्याला फार लघवी होत नाही. लघवीवाटे पाणी निघून जाते म्हणून त्याला प्यावे लागते. अशा वेळी पाणी तोडणे म्हणजे आजारी जनावराला कोरडे पाडणे होय.

तहानेचे मूळ

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन त्यांची ग्लुकोज नावाची साखर बनते व ती रक्तात येते. शरीरातील पेशींना ही साखर इंधन म्हणून लागते. परंतु स्नायू व चरबी यांच्या पेशींत तिचा पुरेसा शिरकाव होण्यासाठी इन्शुलिन हा अंतःस्राव आवश्यक असतो. जठराच्या शेजारी असलेल्या स्वादुपिंडात विखुरलेल्या सूक्ष्म पेशीपुंजांतून तो स्रवतो. हे पुंज प्रथम पाहणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना लांगरहान्सची द्वीपके असे म्हणतात. इन्शुलिन पाझरणाऱ्या पेशी नष्ट झाल्या, तर साखर रक्तात साचत राहते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. कणगीत धान्य भरलेले असावे आणि घरच्यांनी उपाशी झोपावे, तशी ही अवस्था असते.

निरोगी कुत्र्याच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः ७५ ते १२० मिलिग्रॅम साखर असते. मूत्रपिंडे रक्त गाळताना ही साखर परत शोषून घेतात. परंतु त्यांच्या या क्षमतेला मर्यादा आहे. कुत्र्यात ती सुमारे १८० ते २२० मिलिग्रॅम इतकी असते. साखर या मर्यादेच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते आणि त्यापाठोपाठ तहान लागते. इकडे पेशींना इंधन मिळत नसल्यामुळे कुत्र्याला सारखी भूक लागते, आणि भरपूर खाऊनही त्याचे वजन घटत जाते. अधिक तहान, अधिक लघवी, अधिक भूक आणि तरीही घटणारे वजन या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर पशुवैद्यकाकडे जाण्यास विलंब लावू नये.

खेड्यातील माणसाला आणखी एक खूण सहज दिसू शकते. कुत्र्याने अंगणात लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात. ही खूण आपल्या देशाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत लघवीकडे मुंग्या धाव घेतात, असा निर्देश चरकसंहितेत आहे. अर्थात मुंग्या आल्या नाहीत म्हणून रोग नाही, असे समजू नये.

उपचार न झाल्यास पुढची पायरी अधिक गंभीर असते. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची द्रव्ये निर्माण होतात व रक्त आम्लधर्मी होऊ लागते. मग कुत्रे खाणे सोडते, ओकाऱ्या करते, मलूल होते, खोल व जलद श्वास घेते. कित्येकदा त्याच्या श्वासाला गोडसर, आंबूस वास येतो. या अवस्थेत घरगुती उपायांत एक रात्रही घालविणे धोक्याचे असते. शिरेतून क्षार व पाणी देणे आणि इन्शुलिन चालू करणे हे काम दवाखान्यातच होऊ शकते.

ज्या प्राण्यामुळे हा रोग कळला

मधुमेहाचा उगम स्वादुपिंडात आहे हे मानवजातीला कुत्र्यामुळेच कळले, ही गोष्ट शाळेत हा विषय शिकविताना अवश्य सांगावी अशी आहे. १८८९ साली, त्यावेळी जर्मन साम्राज्यात असलेल्या स्ट्रासबुर्ग येथे योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की या दोन संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले. त्यांना पाहावयाचे होते ते चरबीच्या पचनासंबंधी. परंतु प्रयोगशाळेतील ते कुत्रे वारंवार लघवी करू लागले, आणि लघवी तपासता तीत साखर आढळली. (त्या लघवीवर माश्या घोंघावू लागल्यामुळे हा शोध लागला अशी एक कथा सांगितली जाते. ती रंजक असली तरी तिच्यावर फार विसंबू नये.) स्वादुपिंड गेले की मधुमेह होतो हे त्या दिवसापासून निश्चित झाले.

उपाय सापडण्यास मात्र आणखी तीस वर्षांवर काळ लागला. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यविशारद आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क तयार करून तो स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना टोचला. रक्तातील साखर उतरली. मार्जोरी या नावाने ओळखली जाणारी एक कुत्री अशा अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. एरवी अशी जनावरे थोड्याच दिवसांत दगावत असत. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध करण्याची रीत बसविली आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते औषध देण्यात आले. बँटिंग व मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्यांनी आपापल्या साहाय्यकांशी वाटून घेतले.

पुढे कत्तलखान्यांतील गाईगुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून इन्शुलिन मोठ्या प्रमाणावर बनू लागले. योगायोग असा की, डुकराच्या आणि कुत्र्याच्या इन्शुलिनची रासायनिक घडण तंतोतंत सारखी आहे. माणसाचे इन्शुलिन त्यांहून केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे. त्यामुळे कुत्र्यांसाठी खास बनविलेल्या औषधांत आजही डुकराचे इन्शुलिन वापरतात, आणि माणसांसाठी जनुकीय तंत्राने बनविलेले इन्शुलिनही पशुवैद्यक कुत्र्यांना देतात.

आजोबांच्या गोळ्या चालत नाहीत

माणसांमध्ये मधुमेहाचे जे रूप सर्वत्र आढळते, त्यात शरीरात इन्शुलिन असते, परंतु ते पुरेसे परिणामकारक ठरत नाही. तेथे पथ्य, व्यायाम व गोळ्या यांनी बराच काळ काम भागते. कुत्र्याचे तसे नाही. कुत्र्याच्या मधुमेहात इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात. नसलेले इन्शुलिन गोळी कोठून आणणार? म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या साखरेच्या गोळ्या कुत्र्याला देऊन पाहण्याचा प्रकार निरुपयोगी तर आहेच, शिवाय त्यात मोलाचा वेळ वाया जातो. मांजराची गोष्ट याहून निराळी आहे. मांजराचा मधुमेह माणसाच्या त्या सर्वपरिचित रूपाला जवळचा असून योग्य उपचारांनी तो काही वेळा मागेही हटतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी तोंडावाटे देण्याच्या एका गोळीला मान्यता मिळाली. परंतु ती कुत्र्यांसाठी नाही. मधुमेही कुत्र्याला, काही थोडे अपवाद सोडल्यास, जन्मभर इन्शुलिन टोचावे लागते.

गोड खाल्ल्याने कुत्र्याला मधुमेह होतो, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. चहात बुडविलेली बिस्किटे आणि सणासुदीचे पेढे-जिलेबी यांनी कुत्रे लठ्ठ होते, हे खरे. लठ्ठपणामुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, हेही खरे. परंतु साखर हेच एक कारण नव्हे. तेलकट-तुपकट व चरबीयुक्त खाण्यामुळे, विशेषतः मटणाची चरबी किंवा तळणीचे पदार्थ पुष्कळ खाल्ल्यावर, काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला दाह होतो. तो वारंवार झाला म्हणजे इन्शुलिनच्या पेशीही त्यात होरपळतात. काही कुत्र्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशींवर उलटते असे दिसते. आनुवंशिकतेचाही भाग आहे. सॅमॉयेड, पूडल, लहान जातीचे श्नाउझर यांत हा रोग अधिक, तर जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर व बॉक्सर यांत कमी आढळतो. खाज किंवा ॲलर्जीसाठी दीर्घकाळ दिलेली स्टिरॉइड औषधेही साखर वाढवितात. ती स्वतःच्या मनाने औषधाच्या दुकानातून आणून देणे सर्वस्वी टाळावे.

मादीच्या बाबतीत एक कारण विशेष महत्त्वाचे आहे, आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी त्याकडे लक्ष द्यावे असे ते आहे. कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर, ती गाभण राहो वा न राहो, सुमारे दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन या अंतःस्रावाचे प्रमाण वाढलेले असते. त्याच्या प्रभावाने तिच्या स्तनग्रंथींतून वाढीचा अंतःस्राव रक्तात मिसळतो आणि तो इन्शुलिनच्या कार्याला विरोध करतो. पहिल्या माजाच्या वेळी शरीर हे निभावून नेते. परंतु वय वाढत जाते तसतसा दर खेपेस हा ताण जाचक ठरतो आणि अखेर मधुमेह उघड होतो. स्वीडनमध्ये कुत्र्यांच्या नसबंदीची पद्धत दीर्घकाळ रूढ नव्हती. तेथील मधुमेही कुत्र्यांत माद्यांचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले, ते यामुळेच. अंडाशये व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर हे कारण समूळ नाहीसे होते. माजानंतर मधुमेह झालेल्या कुत्रीची शस्त्रक्रिया तातडीने केल्यास क्वचित तो पूर्ण हटतो. म्हणून तो योग दवडू नये. गावोगावच्या कुत्र्यांच्या नसबंदीचा विचार एरवी संख्येच्या दृष्टीनेच होतो, आणि प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. परंतु तिचा हा आरोग्याचा लाभही पाळीव कुत्री असणाऱ्यांना समजावून सांगण्याजोगा आहे.

जाता जाता एका स्वीडिश अभ्यासाचा उल्लेख करावयास हवा. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुत्री व त्यांचे मालक अशा दोन लाखांहून अधिक जोड्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ज्यांच्या कुत्र्याला मधुमेह होता, त्या मालकांना मधुमेह होण्याची शक्यता इतर कुत्रे-मालकांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक आढळली. रोग संसर्गजन्य नाही. कुत्र्यापासून माणसाला किंवा माणसापासून कुत्र्याला तो लागत नाही. परंतु एकाच घरात राहणारी दोघेही सारखेच खातात आणि सारखेच बसून राहतात, असा त्याचा एक संभाव्य अर्थ आहे. मांजरांच्या मालकांत असा संबंध दिसला नाही. मांजराला फिरावयास न्यावे लागत नाही, हे येथे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

निदान

निदानासाठी रक्तात व लघवीत, दोन्हींत, साखर वाढलेली दिसणे आवश्यक असते. केवळ लघवीत साखर असणे पुरेसे नाही. मूत्रपिंडाच्या काही विकारांतही ती दिसते. तसेच केवळ तहान वाढली म्हणजे मधुमेह झाला असेही नाही. मूत्रपिंड निकामी होणे, अधिवृक्क ग्रंथीचा विकार, आणि माद्यांत गर्भाशयात पू साचणे या रोगांतही कुत्रे फार पाणी पिते. यांपैकी शेवटचा रोग माजानंतर काही आठवड्यांत होतो आणि काही दिवसांतच जीव घेऊ शकतो.

येथे एका घातक गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. अडखळत चालणारे, मलूल, नजर गेलेले कुत्रे पाहून ते पिसाळले असा गवगवा होतो. उलटपक्षी, "पाणी पिते आहे, म्हणजे पिसाळलेले नाही" असाही निर्वाळा दिला जातो. यांतील दुसरी चूक अधिक भयंकर आहे, कारण पिसाळलेले कुत्रेही पाणी पिऊ शकते. कुत्रे चावले असेल तर त्याच्या पाणी पिण्यावरून अनुमान न काढता जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी व लस घ्यावी.

दोन वेळा, त्याच वेळा

उपचाराचा गाभा सोपा आहे. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, सारखेच अन्न आणि ठरलेले इन्शुलिन. सकाळी सातला दिले तर संध्याकाळी सातला. हे ऐकावयास सोपे असले तरी लग्नकार्य, पेरणी, परीक्षा आणि प्रवास यांनी भरलेल्या घरात ते अवघड असते. मधुमेही कुत्र्यांच्या उपचारांत येणारे अपयश पुष्कळदा औषधाचे नसून वेळापत्रकाचे असते. म्हणून घरातील किमान दोघांनी टोचण्याचे शिकून घ्यावे आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर दर वेळी खूण करावी. खूण नसल्यामुळे एकाने सकाळी टोचले आणि दुसऱ्याने ते ठाऊक नसताना पुन्हा टोचले, असे प्रसंग ओढवतात.

सुरुवातीची मात्रा बहुधा शरीराच्या दर किलो वजनामागे पाव ते अर्धे एकक अशी असते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एका वेळी अडीच ते पाच एकके. पुढे ती किती वाढवावयाची हे पशुवैद्यकच रक्त तपासून ठरवितो, आणि योग्य मात्रा बसण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. या काळात अधीर होऊन घरच्यांनी मात्रा बदलू नये.

याहून मोठी चूक सिरिंजच्या निवडीत होते. आपल्या बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेल्या इन्शुलिनच्या कुप्या मिळतात, तशीच १०० एककांचीही मिळतात. प्रत्येकीची सिरिंज वेगळी. कुपी ४० ची आणि सिरिंज १०० ची असेल, तर पाचच्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात दोनच एकके असतात आणि साखर उतरत नाही. उलट कुपी १०० ची आणि सिरिंज ४० ची झाली, तर त्याच पाचच्या खुणेला साडेबारा एकके जातात, आणि लहान कुत्र्याचा त्याने प्राण जाऊ शकतो. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळतो की नाही, हे दर नवीन खरेदीच्या वेळी वाचून पाहावे. दुकानदाराच्या "एकच आहे" या शब्दावर विसंबू नये.

इन्शुलिन प्रशीतकात २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी निकामी झालेले असते. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा, किंवा प्रशीतक नसलेल्या घरात, कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. दुधी रंगाचे इन्शुलिन वापरण्यापूर्वी कुपी तळहातांत हलकेच फिरवावी. ती जोराने हलवू नये. मानेच्या बाजूची किंवा बरगड्यांवरील सैल कातडी चिमटीत उचलून सुई टोचावी आणि जागा बदलत राहावी. ही सुई इतकी बारीक असते की खाण्यात गुंतलेले कुत्रे बहुधा मान वळवूनही पाहत नाही.

अन्नाविषयी फार सूक्ष्म नियम सांगण्याची गरज नाही. सातत्य महत्त्वाचे. घरी शिजविलेले अन्न असेल तर मांस किंवा अंडी, भाकरी वा भात यांचे ठरलेले प्रमाण आणि दुधी, गाजर यांसारखी भाजी, असा आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बांधून घ्यावा. कांदा, लसूण व बेदाणे कुत्र्यांना अपायकारक असतात. पाहुण्यांनी, शेजाऱ्यांनी व मुलांनी अधूनमधून घातलेले घास हेच या आहाराचे खरे शत्रू. मधुमेह आहे म्हणून माणसांसाठी बनविलेली "बिनसाखरेची" मिठाई किंवा चघळगोळी देण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. त्यांपैकी काहींत झायलिटॉल नावाचे द्रव्य असते, ते माणसाला चालते परंतु कुत्र्याला विषारी आहे.

साखर फार उतरली तर काय करावे, हे इन्शुलिन आणण्यापूर्वीच घरातील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. कारण हा धोका साखर वाढण्याच्या धोक्यापेक्षा अधिक जलद असतो. कुत्र्याने खाल्ले नाही, खाल्लेले ओकून टाकले, फार धावले किंवा चुकून मात्रा अधिक गेली, म्हणजे ते थरथरू लागते, लडखडते, भांबावल्यासारखे करते आणि शेवटी त्याला झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खावयास द्यावे. शुद्ध हरपत असेल तर मध, ग्लुकोज किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळावा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. नंतर त्वरित दवाखाना गाठावा. जेवण नाकारलेल्या कुत्र्याला नेहमीची पूर्ण मात्रा न टोचता प्रथम पशुवैद्यकास विचारावे.

घरी साखर मोजण्यासाठी माणसांचे यंत्र वापरता येते. कानाच्या कडेच्या आतल्या बाजूस टोचून रक्ताचा थेंब मिळतो. मात्र ही यंत्रे कुत्र्याच्या रक्तातील साखर पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवितात, हे लक्षात ठेवावे. अलीकडे त्वचेवर चिकटवून काही दिवस अखंड मोजणी करणारे संवेदकही पशुवैद्यक वापरू लागले आहेत. हे काहीच नसले तरी कुत्रे दिवसात किती पाणी प्याले आणि दर आठवड्याला त्याचे वजन किती भरले, या दोन नोंदी वहीत ठेवल्या तर पशुवैद्यकाला त्यांवरून पुष्कळ उमगते. उपचाराचे उद्दिष्ट साखर निरोगी कुत्र्याइतकी करणे हे नसते. तहान ताब्यात यावी, वजन टिकावे आणि साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू नये, एवढे साधले की उपचार यशस्वी झाला असे मानतात.

डोळे

मधुमेही माणसाला भीती असते ती पायाच्या जखमांची, हृदयाची व मूत्रपिंडाची. कुत्र्यात हे विकार तुलनेने कमी दिसतात. त्याच्यावर घाला पडतो तो डोळ्यांवर. रक्तातील जादा साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तेथे तिचे सॉर्बिटॉल या द्रव्यात रूपांतर होते, ते पाणी ओढून घेते आणि भिंग फुगून पांढरे होते. कुत्र्याच्या भिंगात ही क्रिया विशेष वेगाने घडते. एका अमेरिकी अभ्यासात निदान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निम्म्या कुत्र्यांना आणि सुमारे वर्षभरात तीन चतुर्थांश कुत्र्यांना मोतीबिंदू झालेला आढळला. कित्येक घरांत तर रोगाचा पत्ता प्रथम लागतो तो कुत्रे खुर्चीला धडकू लागल्यावर.

चांगला उपचार चालू असला तरी मोतीबिंदू नेहमी टळतोच असे नाही, हे मालकाला प्रारंभीच सांगितलेले बरे. शस्त्रक्रियेने तो काढता येतो, परंतु तिची सोय मोठ्या शहरांतील थोड्या ठिकाणीच आहे आणि खर्चही बराच येतो. शस्त्रक्रिया करावयाची असेल तर फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यात दाह होण्यापूर्वी ती करणे श्रेयस्कर असते. ती शक्य नसल्यास कुत्रे त्या अवस्थेशी पुष्कळसे जुळवून घेते. ते जग पाहते त्याहून अधिक हुंगते. घरातील सामान हलवू नये, पाण्याचे भांडे त्याच जागी असावे, विहिरीचा काठ व रस्ता यांपासून त्याला राखावे, जवळ जाण्यापूर्वी हाक मारावी.

निर्णय

या उपचारात रोजचे कष्ट आहेत आणि दरमहा खर्च आहे. शेतमजुरीवर चालणाऱ्या घराला तो परवडेलच असे गृहीत धरणे अन्यायाचे होईल. म्हणून पशुवैद्यकाने खर्चाचा व वेळेचा अंदाज निदानाच्या दिवशीच स्पष्ट सांगावा आणि घरच्यांनीही आपली अडचण न लाजता सांगावी. घरगुती अन्न, केवळ लघवीच्या पट्ट्यांवर देखरेख, तपासण्यांची कमी संख्या असा साधा मार्ग पुष्कळदा काढता येतो. तोही शक्य नसेल, तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित अंत हा कठोर परंतु प्रामाणिक पर्याय आहे. तिसरा मार्ग जो सर्रास पत्करला जातो, म्हणजे कुत्र्याला गाडीत घालून दूरच्या फाट्यावर सोडून येणे, तो पर्याय नव्हे. इन्शुलिन थांबलेल्या कुत्र्याचा मृत्यू तहानेने व आम्लतेने, दिवसा-दिवसाने होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणावाचून सोडून देणे, तसेच पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, हा अपराध आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात संशयित कुत्रे नेताना त्याची सकाळची ताजी लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत न्यावी. औषधाची किंवा सरबताची जुनी बाटली घेऊ नये, तीत उरलेल्या साखरेने तपासणी फसते. कुत्र्याला काय व किती खावयास घालतात, कोणती औषधे चालू आहेत, कुत्री असल्यास ती शेवटची केव्हा माजावर आली, ही माहिती लिहून न्यावी. आणि जाण्याच्या आदल्या रात्री पाण्याचे भांडे भरलेले ठेवून ते सकाळपर्यंत किती रिकामे झाले, तेवढे मोजून ठेवावे.